गोण्याचं व्रत

माणिकचंद सावजींचा कुत्रा जैन होता. ही गोष्ट अख्ख्या अनसिंग गावाला ठाऊक होती, कारण सावजी ती सगळ्यांना सांगत. पावशेर साखर घ्यायला आलेल्या माणसालाही साखरेआधी ती ऐकावी लागे. गोण्या दिवस मावळल्यावर तोंडाला अन्न लावत नाही. गोण्याला कांदा-लसूण चालत नाही. चतुर्दशीला गोण्या एकाच वेळी जेवतो. ऐकणारा मान डोलवून म्हणायचा, "मागच्या जन्माचं पुण्य असंन, सावजी." मग साखर मिळायची.

तुरीच्या रिकाम्या गोण्यांच्या ढिगात सापडला म्हणून त्याचं नाव गोण्या. तेव्हा तो मुठीएवढा होता. "मंदिराकडं सोडून येतो," असं बायकोला, हीराबाईंना, सांगून सावजी त्याला घेऊन गेले होते. मंदिरात गेले, दर्शन घेतलं आणि पिल्लासकट परत आले. त्याला बारा वर्षं झाली. मुलगा सन्मती नोकरीसाठी पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. गोण्या कुठं गेला नाही. दुकान उघडं असेपर्यंत तो सावजींच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला असायचा, आणि सख्ख्या भावाशी सावजी जेवढं बोलले नसतील तेवढं त्याच्याशी बोलायचे.

सावजींची दुसरी ख्याती म्हणजे ते रडत नसत आणि दुसऱ्यालाही रडू देत नसत. कुणाकडं मयत झाली की ते भेटायला जात आणि समजावत, "आत्मा येगळा, शरीर येगळं. रडणं म्हणजे मोह." लोक त्यांच्यासमोर डोळे पुसत. सावजी चपला घालून निघाले की पुन्हा सुरू करत.

या हिवाळ्यात गोण्या मागच्या पायानं लंगडायला लागला. सावजींनी तेल चोळलं, हळद लावली, शेवटी वाशिमहून डॉक्टर निकिताला बोलावलं. ही मुलगी स्कूटीवर येऊन जनावरं घरीच तपासायची. तिनं पाय चाचपला, गोण्याला एक्स-रे काढायला नेलं, परत आणलं आणि ओटीवर बसून सगळं सरळ सांगितलं. हाडात गाठ आहे. ती छातीत उतरली आहे. बरा होणार नाही.

"मंग?" सावजींनी विचारलं.

"दोन रस्ते आहेत, काका. एक इंजेक्शन असते. झोप लागते, आन झोपेतच जाते. त्याले काहीच कळत नाही."

"ते आपल्याकडं होत नाही," सावजी म्हणाले. "हिंसा हाये ते."

सावजींना वाटलं, शिकलेली पोरगी आहे, आता वाद घालेल. त्यांनी उत्तरंही मनात मांडून ठेवली होती. ती वाया गेली. निकिता फक्त म्हणाली, "ठीक हाये. मंग दुसरा रस्ता. त्यात तुमाले काम हाये."

काम तिनं समजावून दिलं. जाड, मऊ अंथरूण. दर थोड्या वेळानं कूस बदलायची, नाहीतर जखमा होतात. पाणी तोंडाशी न्यायचं. आणि दुखणं थांबवणारी गोळी, सकाळी आणि संध्याकाळी. पण ती रिकाम्या पोटी दिली तर ओकून टाकेल, म्हणून आधी काहीतरी पोटात जायलाच हवं. "त्याले आवडते ते द्या. आता पथ्य नाही. फक्त कांदा-लसूण नका देऊ, कुत्र्याले तो बाधते."

"तो तसाही खात नाही," सावजी म्हणाले. तेवढ्यातही त्यांना बरं वाटलं.

जाताना तिनं सावजींना विचारलं, "तुमी जेवले का आज?" सावजींना प्रश्न कळला नाही. आजारी कुत्रा होता. "मी दोघाइले पाहाले येत असतो काका," ती म्हणाली, "जनावराले आन त्याच्या माणसाले." सावजींनी ही थट्टा समजून सोडून दिली. हीराबाईंनी आतून ताट वाढून आणलं.

गोण्या खाईना. दूधभात दिला, तोंड फिरवलं. साजूक तुपातला शिरा केला, हुंगून नाक बाजूला घेतलं. ज्या पेढ्यात लपवून आजवर त्यानं सगळ्या गोळ्या निमूट घेतल्या, तो पेढाही जिभेनं ढकलून दिला. गोळी पोटात राहीना, म्हणून दुखणं थांबेना. तो बारीक आवाजात कण्हायचा, आणि सावजींनी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला की त्यांना वाईट वाटू नये म्हणून की काय, थोडा वेळ गप्प राहायचा. डॉक्टर दिवसाआड येऊन सुई टोचायची. तिचा गुण उतरला की पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी सावजींना साक्षात्कार झाला.

"अवं," ते हीराबाईंना म्हणाले, "ह्यानं अन्नाचा त्याग केला."

"त्याले दुखते," हीराबाई म्हणाल्या.

"दुखते तं हायेच. पण पाहा ना, पाणी घेते, अन्न नाही. समजून-उमजून करून राह्यला तो. सल्लेखना हाये ही."

आता सल्लेखना म्हणजे काही खेळ नव्हे. आयुष्याचा शेवट आला हे ओळखून, मन शांत करून, एकेक घास कमी करत देह सोडायचा. भल्याभल्यांना जमत नाही ते. हीराबाईंच्या सासूबाईंनी ती घेतली होती, आणि तो चेहरा हीराबाईंनी पाहिला होता. त्या म्हणाल्या, "व्रत घेतलेलं माणूस असं कण्हत नसते." सावजींनी ते ऐकलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ऐकायचंच नव्हतं. कुत्रा मरतोय हे त्यांना सोसत नव्हतं. कुत्रा व्रत करतोय, हे सोसण्यासारखं होतं.

दुकानातून बातमी फिरायला वेळ लागला नाही. संध्याकाळपासून लोक येऊ लागले. पहिल्यांदा मंदिरातली मंडळी आली, मग गल्लीतली, मग बाजाराला आलेली शेतकरी माणसंही डोकावून हात जोडून गेली. कुणी गोण्याच्या अंथरुणाशी नारळ ठेवला. कुणी हार घातला. तो टोचत होता, म्हणून हीराबाईंनी काढून खुंटीला लावला. निवृत्त मास्तर इंद्रभान यांनी पेपरात देऊ का म्हणून विचारलं. हीराबाई चहा करत राहिल्या. आपल्या घरी एवढी माणसं सन्मतीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आली, हे त्यांच्या लक्षात आलं.

शेजारी जगदेवचं घर होतं. मधे एकच भिंत. जगदेव शेतकरी माणूस, तूर-सोयाबीनवाला, आणि त्याची बायको रंगूबाई दर रविवारी मटण करणारी. पण शेजारी असं पवित्र वातावरण आहे म्हटल्यावर तिनं त्या आठवड्यात अंडंसुद्धा फोडलं नाही. मात्र रविवारी किन्हीराजाहून लेक मंजुषा आणि जावई आले. जावयाला वांग्याची भाजी वाढणारी सासू वऱ्हाडात अजून जन्मायची आहे. रंगूबाईनं शेजारी जाऊन हीराबाईंना हळूच विचारलं. हीराबाई म्हणाल्या, "कर ना बाई. पाहुण्याचा काय गुन्हा."

तर त्या दिवशी दुपार कलल्यावर सावजींच्या ओटीवर दहा-बारा माणसं बसली होती. सावजी हळू आवाजात सांगत होते, "पाहा, त्याचा सगळा मोह सुटला. कायचीच इच्छा राह्यली नाही." तेवढ्यात भिंतीवरून वास आला.

गोण्याचं नाक हललं. मग कान. चार दिवस मान न उचललेला तो जीव पुढच्या पायांवर उठला, मागचा एक पाय ओढत ओटीच्या पायऱ्या उतरला आणि गल्लीत आला. सगळे उभे राहिले. इंद्रभान मास्तर भारावलेल्या आवाजात म्हणाले, "मंदिराकडं निघाला वाटते."

मंदिर डावीकडं होतं. गोण्या उजवीकडं वळला.

लोक हात जोडून मागं चालले, कारण जोडलेले हात एकदम सोडायचे कसे हे कुणाला सुचेना. गोण्या जगदेवच्या दारापर्यंत पोचला, उंबऱ्याशी कोसळला आणि आत बघत शेपूट जमिनीवर आपटू लागला. आतून रंगूबाईचा आवाज आला, "आला का रे माहा पैलवान!" आणि ती हातात वाटी घेऊन बाहेर आली. तिनं आधी कुत्रा पाहिला, मग सावजी, मग मागची सगळी गर्दी.

गोण्याची शेपूट तेवढी बोलत होती.

"सावजी, रागाऊ नका," रंगूबाई शेवटी म्हणाली. "तो लहान होता तवापासून येते. दिवस बुडला की दारात. मी हाकलून पाह्यलं, खोटं नाही सांगत. मंग नाव पडलं पैलवान." मग आपल्या बाजूनं एवढं तरी सांगायलाच हवं अशा आवाजात म्हणाली, "पण एक दिवस बी तसाच नाही पाठोला. तोंड धुऊनच पाठोत होतो. तुमच्या घरी समजाले नको म्हणून."

इंद्रभान मास्तरांना एकदम दळण आठवलं. इतरांनाही कामं आठवली. बघता बघता गल्ली रिकामी झाली. सावजींनी कुत्रा उचलला आणि घरी आणला.

दिवस मावळल्यावर गोण्या जेवत नसे, हे खरंच होतं. सावजींकडं जेवत नसे. भरल्या पोटी कुणीही व्रतस्थ असतो. बारा वर्षं ही गोष्ट ते साखरेबरोबर वाटत आले होते आणि लोक मान डोलवत आले होते. त्यातल्या किती जणांनी घरी जाऊन हसू दाबलं असेल, या विचारानं सावजींचे कान तापले. त्यांना कुत्र्याचा राग आला. असा राग आला की त्याच्याकडं पाठ करून ते भिंतीशी बसले.

"तुले मालूम होतं?" त्यांनी हीराबाईंना विचारलं.

"लय दिवसापासून."

"सांगतलं काहून नाही?"

"तुमी लय खुशीनं सांगत होते सगळ्याइले," हीराबाई म्हणाल्या.

पाठीमागं गोण्या कण्हायला लागला. सकाळच्या सुईचा गुण उतरला होता. या वेळी सावजी वळले नाहीत, म्हणून तो गप्पही झाला नाही. आवाज वाढत गेला. तेवढ्यात डॉक्टरचा फोन आला. खाल्लं का त्यानं, गोळी गेली का?

"नाही," सावजी म्हणाले. मग म्हणाले, "त्याले जे पायजे ते माह्या घरी शिजत नाही."

निकिताला समजलं असावं. ती म्हणाली, "काका, ते द्याच असं मी तुमाले नाही म्हणणार. इंजेक्शनचंही नाही म्हटलं. पण त्याचे थोडेच दिवस राह्यले, आन ते दुखण्यात चालले. तुमचं धर्मसंकट त्याले नाही समजत. त्याले त्याचा पाय समजते."

फोन ठेवल्यावर सावजी विचार करत बसले. अडचण साधी नव्हती. पाप स्वतः केलं तरी पाप, दुसऱ्याकडून करवलं तरी पाप आणि दुसरा करताना मनातून बरं म्हटलं तरी पापच. कृत, कारित, अनुमोदना. लहानपणी पाठशाळेत त्यांनी हे घोकलं होतं आणि पुढं दुकानात शेकडो वेळा दुसऱ्यांना ऐकवलं होतं. म्हणजे आपण द्यायचं नाही, रंगूबाईला दे म्हणायचं नाही, आणि तिनं दिलं तर बरं झालं असं वाटूनही घ्यायचं नाही. शेवटचं तर सगळ्यात कठीण. ते त्यांना आत्ताच वाटायला लागलं होतं.

"दिवस बुडाले आला," हीराबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि गोळीचं पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं.

सावजींनी पाकीट खिशात घातलं, गोण्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि जगदेवच्या घरी गेले. मटणाच्या दिवशी त्या उंबऱ्याच्या आत त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. जावई जेवून पडला होता. जगदेव घाईनं उठून उभा राहिला.

"मी काहीच म्हणत नाही," सावजी म्हणाले. "बसाले आलो."

जगदेवनं त्यांच्याकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं. "बसा ना सावजी," तो म्हणाला. "बसाले कोण नाही म्हणते."

सावजींनी गोण्याला चटईवर ठेवलं, गोळी चटईच्या कडेला ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. ते त्यांनी मन लावून वाचायला घेतलं. मागं रंगूबाई आली. फोडणीच्या आधीच बाजूला काढलेलं अळणी पाणी तिनं वाटीत आणलं होतं, त्यात तीन मऊ तुकडे. गोण्या पाणी लपलप प्यायला लागला. चार दिवसांनंतर त्याच्या जिभेचा असा हावरा आवाज ऐकला आणि सावजींना बरं वाटलं. अनुमोदना झाली, हे त्यांना कळलं. ते कॅलेंडरच वाचत राहिले.

मग रंगूबाईनं तुकड्यात गोळी घालून दिली. गोण्यानं तुकडा खाल्ला. फरशीवर टक्‌ असा आवाज झाला. तिनं गोळी उचलून दुसऱ्या तुकड्यात घातली. पुन्हा टक्‌.

"माह्या हातची नाही घेत तो, सावजी," रंगूबाई म्हणाली. "मटण घेते. गोळी नाही घेत."

बाहेरचं ऊन कौलांवरून निघून चाललं होतं. जगदेव काही बोलला नाही. बोलला असता तर कदाचित सावजी उठून गेले असते. गोण्या आता कण्हत नव्हता. तो सावजींच्या पाठीकडं बघत होता. पेढ्याच्या वेळी बघायचा तसा.

सावजी वळले. गोळी उचलली, धोतराला पुसली. वाटीत उरलेला एक तुकडा होता, तो त्यांनी बोटांत धरला. आयुष्यात पहिल्यांदा. तो गरम होता आणि मऊ होता. त्यांनी नखानं त्यात फट केली, गोळी आत दाबली आणि हात पुढं केला. गोण्यानं तुकडा घेतला, गिळला आणि मग त्यांची बोटंही चाटून साफ केली.

रंगूबाईनं तांब्या आणला. सवयीनं आधी कुत्र्याचं तोंड धुतलं. मग सावजींच्या हातांवर पाणी घातलं.

पुढं रोज हेच झालं; रविवार नसला तरी रंगूबाई पैलवानापुरती वाटी शिजवून ठेवायची. सावजी सकाळी आणि पुन्हा दिवस मावळायच्या आत कुत्र्याला घेऊन जायचे, तिथून येऊन प्रतिक्रमणाला बसायचे आणि दिवसभरात घडलेल्या दोषांची क्षमा मागायचे. पूर्वी हे झटपट आटपायचं, कारण दोष शोधावे लागायचे. आता वेळ लागायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच दोष करायला ते वेळेवर निघायचे. गोण्या रात्रभर शांत झोपायचा. दुकानात साखर आता गोष्टीशिवाय मिळू लागली. एकदा इंद्रभान मास्तरांनी मिशीत हसत विचारलं, "मंग व्रताचं काय झालं, सावजी?"

"ते माहं होतं," सावजी म्हणाले. "त्याचं नव्हतं. काय देऊ?"

मग एका संध्याकाळी रंगूबाईनं वाटी पुढं केली आणि गोण्यानं हुंगलीसुद्धा नाही. त्याला वळवून बसवलं, बोट बुडवून ओठाला लावलं. त्यानं जीभ हलवली नाही. "आता नाही खाणार तो," रंगूबाई म्हणाली. निकिता आली, तिनं सुई दिली आणि म्हणाली की आता दुखणार नाही, आजची रात्र तेवढी जाईल. जाताना ती म्हणाली, "नंतर बी फोन करा, काका. कवाबी."

"मेल्यावर डॉक्टरचं काय काम?" सावजी म्हणाले.

"मी म्हटलं होतं ना, दोघाइले पाहाले येत असतो."

गोण्यानं आता खरंच अन्न सोडलं होतं. आणि तो कण्हत नव्हता. सावजींनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

उजाडताना त्याचा श्वास तुटक झाला. सावजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मरणाऱ्या जिवाच्या कानात णमोकार म्हणावा, ऐकता ऐकता त्याची पुढची वाट चांगली होते, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यांनी हाक मारली, "गोण्या." कान पडलेलाच राहिला. पुन्हा मारली. मग सावजी भिंतीपलीकडं ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पैलवान."

कान हलला.

सावजींनी त्या कानात मंत्र म्हटला. पुन्हा पुन्हा म्हटला. श्वास थांबल्यावरही एकदा म्हटला. हीराबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. सावजी त्यांना म्हणाले, "रडाचं काय त्यात. आत्मा येगळा, शरीर येगळं." बोलताना त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

जगदेवनं आपल्या वावरात तुरीच्या बांधावर खड्डा खणून दिला. सावजींनी गोण्याला एका स्वच्छ गोणीत गुंडाळून खाली ठेवलं. माती लोटली. जगदेव फावडं घेऊन विहिरीकडं गेला, आणि मुद्दामच लवकर परत आला नाही.

घराकडं येताना दोघं आधी जगदेवच्या दाराशी पोचले. रंगूबाई तांब्या घेऊन उभी होती. मातीचे हात धुवायला म्हणून तिनं पाणी आणलं होतं. सावजींनी हात पुढं केले, तिनं धार धरली. मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि धार थांबवली नाही.

"तोंड बी धुऊन घ्या, सावजी," ती म्हणाली. "मंग जा. घरी समजाले नको."

सावजी वाकले आणि त्यांनी तोंड पुढं केलं.